शेटलंडची लोकर: कात्री लावली तरी न उसवणारं विणकाम

तिसरी सुई

विणून झालेल्या स्वेटरला मधोमध उभी कात्री लावायची, तीही कडेला एक टीप न मारता. नुसतं ऐकूनच विणणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. शेटलंडमध्ये ही नेहमीची रीत आहे, आणि ती चालते त्याचं श्रेय हाताला कमी नि लोकरीला जास्त. म्हणून चर्चेचा हा धागा नक्षीपासून न सुरू करता मेंढीपासून करते.

शेटलंड म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेला, साठाव्या अक्षांशावरची शंभरेक बेटं. माणसं राहतात त्यातल्या सोळा बेटांवर, एकूण तेवीस हजारांच्या आसपास. लर्विक हे मुख्य गाव. झाडं नावालाच आणि वारा बारमाही. १४६९ पर्यंत ही बेटं डेन्मार्क-नॉर्वेच्या राजाकडे होती, त्यामुळे मेंढ्यांच्या रंगांची नावं अजूनही जुन्या नॉर्स वळणाची आहेत. तांबूस तपकिरी तो 'मूरिट', गडद पोलादी करडा तो 'शेला', निळसर राखी 'एमस्केट', मधाच्या रंगाचा 'मिओगेट'. अंग फिकं आणि पोट काळं असेल तर ती 'कॅटमॉगेट'. मुख्य रंग ११ आणि अंगावरच्या खुणांची नावं ३०, अशी मोजणी तिथले लोक देतात. आपल्याकडे गाईगुरांना कपिला, कबरी, मोरी म्हणतात तसंच हे.

मेंढी चणीने लहान, शेपूट आखूड. एका मेंढीची न धुतलेली लोकर जेमतेम एक ते दीड किलो. तंतूची जाडी साधारण २३ ते ३० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आणि मानेजवळचे त्याहून बारीक. मेरिनो मेंढीच्या लोकरीएवढी मऊ ही लोकर नसते, पण तिच्या तंतूला बारीक नागमोड असते आणि अंगावर खवले असतात. दोन तंतू शेजारी आले की एकमेकांना धरून बसतात.

पूर्वी ही लोकर कातरत नसत, हाताने उपटून काढत. त्याला 'रूइंग' म्हणतात. जूनच्या सुमारास नवी लोकर वाढायला लागते तेव्हा जुन्या तंतूचा मुळाजवळचा भाग बारीक होऊन कच्चा पडतो. मानेपासून सुरुवात करून मूठमूठ ओढली की अख्खी लोकर सुटून येते. कापलेलं बोथट टोक राहत नसल्याने अशी लोकर अंगाला कमी टोचते. घाई केली तर लोकर सुटत नाही आणि मेंढीला दुखतं. उशीर केला तर मेंढी कुंपणाला अंग घासून अर्धी लोकर तारेवर ठेवून येते, आणि उरलेल्यात नव्या वाढीचे आखूड तंतू मिसळतात. आता बहुतेक ठिकाणी कातरणीच होते. त्यातला मोठा दोष म्हणजे एकाच जागी दोनदा फिरलेली कात्री. त्याने जे अर्धा इंची तुकडे पडतात तेच पुढे सुतात गाठी नि स्वेटरवर गोळे होऊन दिसतात. अशी लोकर हातात घेऊन झटकली की तुकडे खाली पडतात, हीच तिची परीक्षा.

आता सुताकडे. स्वेटरचं सूत पिंजलेल्या लोकरीचं असतं. पिंजताना तंतू आडवेतिडवे पडतात, सूत हवेशीर आणि केसाळ होतं. शालीचं सूत विंचरलेल्या लोकरीचं, तंतू एका दिशेला, आखूड तंतू काढून टाकलेले. कात्री लावतात ती पहिल्या जातीच्या सुताला. दुसऱ्या जातीची शाल अंगठीतून जाते. दोन्ही एकाच मेंढीच्या अंगावरचं, पण दोन्हींचे नियम वेगळे आहेत, आणि त्यांची गल्लत केली की घोटाळा होतो.

कसर

आयडीचं नाव आणि विषय यांचा योगायोग समजून घ्यावा. एक शंका: १५८८ मध्ये स्पॅनिश आरमारातलं जहाज फेअर आयलवर फुटलं आणि त्या खलाशांनी बेटावरच्या बायकांना नक्षी शिकवली, असं प्रत्येक पर्यटन पुस्तिकेत असतं. खरं काय?

तिसरी सुई

जहाज फुटलं हे खरं. नाव 'एल ग्रान ग्रिफॉन'. नक्षीची गोष्ट मात्र एकोणिसाव्या शतकात विक्रीबरोबर मोठी झाली. तीनशे वर्षांच्या मधल्या काळातला एकही पुरावा तिला नाही. उलट तिथल्या नक्षीचं नातं नॉर्वे आणि बाल्टिक किनाऱ्याच्या विणकामाशी जवळचं दिसतं, आणि मासेमारी-व्यापारामुळे ते सरळही आहे.

खरा जुना पुरावा हवा असेल तर गनिस्टरचा माणूस बघा. १९५१ मध्ये शेटलंडच्या उत्तर भागात दलदलीतलं पीट, म्हणजे जळणासाठी खणतात ती कुजलेल्या वनस्पतींची माती, काढताना एका माणसाचे कपडे सापडले. पीटमध्ये हाडं विरघळतात, लोकर टिकते. टोप्या, हातमोजे, लांब मोजे, आणि एक विणलेली छोटी थैली. थैलीत १६८० ते १६९० या काळातली डच आणि स्वीडिश नाणी होती, त्यामुळे काळ पक्का झाला. त्या थैलीवर रंगीत नक्षी आहे, दोन धागे बरोबर घेऊन विणलेली. शेटलंडमध्ये सापडलेलं नक्षीचं हे सर्वांत जुनं विणकाम. वस्तू एडिनबरोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहेत.

उलट-सुलट

फेअर आयल हे एका बेटाचं नाव आहे हेच पुष्कळांना माहीत नसतं. मुख्य बेटाच्या दक्षिण टोकापासून जवळजवळ चाळीस किलोमीटर समुद्रात, वस्ती पन्नासच्या आसपास. आज दुकानात रंगीत नक्षीच्या कुठल्याही स्वेटरला 'फेअर आयल' चिकटवतात, यंत्रावरच्या अ‍ॅक्रिलिकलासुद्धा. नाव पसरलं त्याला एक निमित्त झालं. लर्विकच्या जेम्स स्मिथ नावाच्या कापड-व्यापाऱ्याने १९२१ मध्ये तेव्हाच्या प्रिन्स ऑफ वेल्सना एक स्वेटर पाठवला, आणि १९२२ मध्ये राजपुत्रांनी तो सेंट अँड्र्यूजच्या गोल्फ मैदानावर घातला. पुढे काय होणार, ते सांगायला नको.

खऱ्या नक्षीचे नियम थोडे आहेत, पण ते कडक आहेत:

एका फेरीत दोनच रंग. तिसरा नाही म्हणजे नाही. स्वेटरमध्ये दहा-बारा रंग दिसतात ते फेऱ्यांमधून पार्श्वभूमी आणि नक्षी आळीपाळीने बदलून. उंचीला नक्षी विषम फेऱ्यांची घेतात, म्हणजे मधली एकच फेरी उरते आणि तिथे सर्वांत भडक रंग बसतो. 'पीरी' म्हणजे तिथल्या बोलीत लहान. पीरी नक्षी ३ ते ७ फेऱ्यांची, किनारीची ९ ते १५, गोल-फुली-गोल अशी ओएक्सओ १५ किंवा १७, आणि मोठा तारा २५ च्या पुढे. मागे लोंबणारा धागा साधारण इंचभरापेक्षा लांब जाणार नाही अशीच नक्षी आखलेली असते. म्हणून त्यांना मागचे धागे अडकवावे लागत नाहीत. इंटरनेटवरच्या नव्या नक्ष्यांत अकरा-अकरा टाक्यांच्या उड्या असतात. त्या अडकवाव्या लागतात, आणि अडकवलेली जागा पुढून ठिपक्यासारखी डोकावते.

रंग एकमेकांपासून उठून दिसतात की नाही हे बघायचं असेल तर गुंडाळ्या शेजारी ठेवून मोबाइलवर कृष्णधवल फोटो काढा. पार्श्वभूमी आणि नक्षी एकाच करड्या छटेत आली तर विणल्यावर नक्षी बुडणार. लाल आणि हिरवा डोळ्याला कितीही वेगळे दिसोत, इथे हमखास फसवतात.

रेशीमगाठ

दोन धाग्यांपैकी कुठला वर, कुठला खाली, याने फरक पडतो म्हणतात. किती?

उलट-सुलट

बराच. जो धागा खालून येतो त्याचा टाका किंचित मोठा पडतो आणि तोच उठून दिसतो. म्हणून नक्षीचा रंग कायम खालून, पार्श्वभूमीचा वरून. दोन्ही हातांत एकेक धागा धरत असाल तर नक्षीचा डाव्या हातात. चहाला उठून परत बसल्यावर धागे उलटे हातात आले तर तेवढ्या फेऱ्यांचा पट्टा कायमचा फिका दिसतो. धुऊन, ताणून, काही केलं तरी जात नाही. तेवढं उसवणं हाच उपाय.

दुसरी नेहमीची चूक: मागचे धागे ओढलेले. उजव्या सुईवरचे टाके प्रत्येक रंगबदलाला पसरून घ्या, मग दुसरा रंग उचला. पुढून कापडाला सुरकुत्या दिसायला लागल्या की समजा उशीर झालाय.

धनगरवाडा

विणकामातलं मला कळत नाही, लोकरीतलं कळतं. आपल्या दख्खनी मेंढीच्या लोकरीचं असं काही का होत नाही? घोंगडीपलीकडे ती गेलीच नाही.

तिसरी सुई

दख्खनी लोकरीत जाड, पोकळ गाभ्याचे केसाळ तंतू भरपूर असतात आणि नागमोड कमी. सूत ताठ होतं. सुईवर टाका वळवला की तो उलटून सरळ व्हायला बघतो, आणि अंगाशी टोचतो. मागावर हाच गुण होतो. ताण्याला चिंचोक्याची खळ लावून घट्ट विणलेली घोंगडी पाऊस अंगावर झेलते, ते शेटलंडच्या लोकरीला जमायचं नाही. नैसर्गिक काळा-पांढरा-करडा तसाच वापरायची सवय मात्र दोन्हीकडे आहे.

शेटलंडमध्येही रंगीत मेंढी एकदा संपत आली होती, हे यानिमित्ताने सांगते. पांढरी लोकर कुठल्याही रंगात रंगवता येते म्हणून गिरणी तिला जास्त भाव देई. लोक पांढऱ्याच ठेवू लागले, आणि मोठ्या मेंढ्यांशी संकर करू लागले. शुद्ध जात टिकावी म्हणून १९२७ मध्ये वंशावळीची नोंदवही सुरू झाली. २०११ मध्ये तिथल्या मूळ लोकरीला युरोपीय संघाचं भौगोलिक संरक्षण मिळालं, एरवी जे चीज आणि हॅमला मिळतं तसलं.

कसर

शेटलंडच्या मेंढ्या समुद्रातलं शेवाळ खातात ना? त्यानेच लोकर मऊ होते असं वाचलंय.

अबर्डीनकर

ती नॉर्थ रोनाल्डसेची मेंढी, ऑर्कनी बेटांतली. तिला गवतापासून दूर किनाऱ्यावर ठेवण्यासाठी १८३२ मध्ये बेटाभोवती दगडी भिंत घातली. शेटलंडची मेंढी गवत आणि हेदर नावाचं खुरटं झुडूप खाते, हिवाळ्यात किनाऱ्यावर उतरून थोडं शेवाळ चघळते इतकंच. मऊपणा जातीचा आहे, शेवाळाचा नाही.

उलट-सुलट

कात्रीचा भाग कुणीच लिहिला नाही, म्हणून घ्या.

स्वेटर गोल विणतात, पुढची बाजू सतत समोर, उलट टाक्यांची ओळ नाहीच. रंगीत नक्षी उलट बाजूने विणणं त्रासाचं, आणि गोल विणताना नक्षी डोळ्यांसमोर राहते. पण काखेपाशी आल्यावर बाहीसाठी भोक हवं. तिथे विणणं न थांबवता काही जादा टाके घालून नळी तशीच वर चढवतात. हे जादा टाके म्हणजे 'स्टीक'. नंतर ते मधोमध कापायचे.

आकड्यांत सांगते. दोन पदरी जम्पर वजनाचं सूत, २५ ग्रॅमची गुंडी, त्यात साधारण ११५ मीटर. सुई ३.२५ मिमी, धुतल्यावर १० सेंटिमीटरमध्ये ३० टाके आणि ३४ फेऱ्या. छाती ९६ सेंमी हवी असेल तर २८८ टाके. हा आकडा मुद्दाम निवडलाय, कारण त्याला १२, १६, १८, २४, ३२, ३६ या सगळ्यांनी भाग जातो आणि कुठलीही नक्षी काखेत न तुटता बसते. खालची पट्टी २.७५ मिमी सुईवर, २६० टाक्यांची, दोन सुलट दोन उलट, दोन रंगांत. पट्टी संपली की २८ टाके समान अंतराने वाढवा.

या दोन रंगी पट्टीत एक खोच आहे. नवा रंग घेतल्यावर पहिली फेरी पूर्ण सुलटच विणा. उलट टाके लगेच सुरू केले तर जुन्या रंगाचे ठिपके उमटतात. आणि उलट टाक्यानंतर धागा मागे न्यायला विसरलात तर पुढे आडवी रेघ येते.

काखेत प्रत्येक बाजूला २० टाके जाड दोऱ्यावर काढून ठेवा आणि त्यांच्या जागी ८ स्टीकचे टाके घाला. स्टीकमध्ये दोन रंग एकाआड एक टाका, पुढच्या फेरीत उलटापालट, म्हणजे बुद्धिबळाच्या पटासारखं. त्यामुळे मागे लांब धागा राहत नाही आणि सगळं घट्ट गुंततं. नवा रंग जोडायचा तो स्टीकच्या मध्यावर, गाठीच्या फंदात न पडता. कापल्यावर ती टोकं आपोआप जातात, दोन-तीनशे टोकं सुईने दडवायचा वेळ वाचतो. नीट पाहिलं तर स्टीकचा निम्मा फायदा हाच आहे.

खांदे जोडून झाले की चौथ्या आणि पाचव्या टाक्याच्या मधून, लहान धारदार कात्रीने, खालून प्रकाश धरून कापा. पुढचा आणि मागचा पदर वेगळा राहावा म्हणून आत एक पुठ्ठा सरकवा. पुठ्ठा न घालता पाठ कापली गेल्याच्या कहाण्या प्रत्येक विणकाम गटात असतात. बाही विणून झाल्यावर स्टीकची पट्टी दोन टाके रुंद ठेवून आतून हलक्या टाक्यांनी शिवा. पुढे दोन-तीन धुण्यांत ती जागेवर जमून जाते.

रेशीमगाठ

आपल्याकडे मिळणाऱ्या लोकरीला हे चालेल?

उलट-सुलट

पुण्या-मुंबईच्या दुकानातल्या बहुतेक गुंड्या अ‍ॅक्रिलिकच्या असतात. त्या तंतूला खवले नाहीत, धरून राहायला काहीच नाही. तसंच यंत्रात धुता येणारी मेरिनो: तिचे खवले मुद्दाम घालवलेले किंवा लेप देऊन झाकलेले असतात, नाहीतर ती यंत्रात आटली असती. या दोन्हींना कात्री लावायचीच असेल तर आधी कापायच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना शिवणयंत्राची बारीक टीप, दोन-दोन ओळी. कुलूकडची हातसुताची देशी लोकर खूप जवळची आहे. शंका असेल तर ३० टाक्यांचा नमुना विणा, धुवा, वाळवा, मधोमध कापा आणि टाके आडवे ओढून बघा. एक टाका सुटून थांबला तर चालेल. शिडी पडत गेली तर नाही.

जाळीदार

नक्षीवर बरंच झालं, आता शाली. उत्तरेच्या अन्स्ट बेटावरची जाळीची शाल, 'अंगठी शाल' म्हणून प्रसिद्ध असलेली, सहा फूट चौरस असून सत्तर-पंचाहत्तर ग्रॅमच्या आसपास भरते. तिचं सूत मानेच्या लोकरीचं, विंचरून हाताने कातलेलं. असं सूत कातणाऱ्या व्यक्ती आता थोड्या आहेत. हॅरल्ड्सविकच्या संग्रहालयात काही शाली ठेवल्या आहेत, त्या बघताना पोत पाहा: जाळी मधूनच दाट-विरळ होत नाही.

घरी करायला योग्य ती 'हॅप'. हॅप म्हणजे लपेटायची रोजची शाल: मध्ये साधा चौकोन, भोवती लाटांची किनार, टोकाला दातेरी जाळी. जुनी पद्धत बाहेरून आत. आधी लांब दातेरी पट्टी, तिच्या कडेचे टाके उचलून किनार, शेवटी मधला चौकोन. आता पुष्कळ जण आतून बाहेर करतात. ती सांगते, कारण आकार चुकला तर मध्येच थांबता येतं.

४ मिमी सुई, वरचंच जम्पर वजनाचं सूत, साधारण २५० ते ३०० ग्रॅम. तीन टाक्यांपासून सुरू करा. प्रत्येक ओळीच्या आरंभी सुईवर दोऱ्याचा एक वेढा, बाकी सगळे सुलट. दर ओळीला एक टाका वाढतो आणि दोन्ही कडांना फासे तयार होतात. सुईवर १४४ टाके झाले की उतरण: आरंभी वेढा घ्या, लगेच तीन टाके एकत्र विणा. म्हणजे दर ओळीला एक कमी, आणि फासे मात्र येतच राहतात. चौकोन पूर्ण झाला की प्रत्येक बाजूला ७२ फासे मिळतात. कोपऱ्याला एकदोन फासे कमी-जास्त झाले तर उचलताना जुळवून घ्या.

७२ का? किनारीची नक्षी 'ओल्ड शेल' १८ टाक्यांची आहे, म्हणून चार वेळा पूर्ण बसते. नक्षीची फेरी अशी: दोन-दोन टाके एकत्र तीन वेळा, मग वेढा आणि एक सुलट सहा वेळा, मग पुन्हा दोन-दोन एकत्र तीन वेळा. सहा टाके गेले, सहा वेढे आले, हिशोब १८ चा १८. गोल विणताना दोन फेऱ्या सुलट, तिसरी नक्षीची, चौथी सगळी उलट. ती उलट फेरी गाळली तर लाटेवरचा उठाव जातो आणि कापड नुसतं वाकडं दिसतं. प्रत्येक कोपऱ्याच्या टाक्याच्या दोन्ही बाजूंना एकाआड एक फेरीत वेढा घेऊन वाढवा. अठरा फेऱ्यांत बाजूच्या दोन्ही टोकांना नऊ-नऊ टाके जमतात, तिथे अर्धी लाट भरा. चार टाके जमले न जमले तोच नक्षी कोंबायला गेलात तर कोपरा तिरपा होतो.

शेवटी दातेरी पट्टी आडवी विणायची. आतल्या प्रत्येक परतीच्या ओळीला पट्टीचा शेवटचा टाका किनारीच्या एका जिवंत, म्हणजे अजून बंद न केलेल्या, टाक्याबरोबर एकत्र विणा, म्हणजे दोन ओळींना एक टाका खपतो. याच कारणाने शालीला कडेचे टाके बंद करावे लागत नाहीत. बंद केलेली कड ताणत नाही, आणि शाल तर ताणूनच तयार होते. कोपऱ्यावर मात्र एकेक टाका दोनदा खपवा, नाहीतर कोपरा बशीसारखा वर उचलतो.

जाळीदार

ताणण्याबद्दल राहिलं. सुईवरून उतरलेली हॅप पोतेऱ्यासारखी दिसते, घाबरू नका. कोमट पाण्यात, लोकरीच्या साबणात, न चोळता अर्धा तास. गिरणीतून आलेल्या सुतात थोडं तेल असतं, ते निघाल्यावरच लोकर फुलते. पाणी बदलताना गरम-गार करू नये, लोकर आटते ती उष्णतेने कमी आणि फरकाने व हालचालीने जास्त. टॉवेलात गुंडाळून दाबा. मग प्रत्येक दात्यातून जाड सुती दोरा ओवून दोरा ताणा. शेटलंडमध्ये त्यासाठी खुंट्यांची लाकडी चौकट असते, आपल्याकडे जुनी गादी आणि न गंजणाऱ्या टाचण्या चालतील. पूर्ण सुकेपर्यंत काढू नका. पावसाळ्यात याला तीन दिवस लागतात आणि मधेच काढली तर लाटा आत बसतात. पांढऱ्या शाली पूर्वी पिंपात गंधक जाळून त्याच्या धुरीने उजळत, ते घरी करू नये.

अबर्डीनकर

दोन गोष्टी इतिहासाच्या. १८३७ मध्ये व्हिक्टोरिया राणीला शेटलंडचे बारीक मोजे भेट देणारा आर्थर अँडरसन लर्विकचा. पीअँडओ बोट कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. त्याच कंपनीच्या बोटी पुढे मुंबईचं टपाल आणत. ग्रेमिस्टातल्या त्याच्या जन्मघरात आता शेटलंडचं वस्त्र संग्रहालय आहे. राणीमुळे फॅशन आली, पण पैसा विणणाऱ्या बाईच्या हातात आला नाही. व्यापारी शाल घेई आणि बदल्यात रोख न देता चहा, कापड किंवा दुकानाची चिठ्ठी देई. चिठ्ठी फक्त त्याच दुकानात चाले. या 'ट्रक' पद्धतीची सरकारी चौकशी होऊन १८७२ मध्ये अहवाल आला, त्यात या बायकांच्या जबान्या शब्दशः छापल्या आहेत. चहा किती दिला, शालीचे किती लावले, सगळं. 'आजीच्या मायेची ऊब' वगैरे जाहिराती वाचताना तो अहवाल आठवतो.

चालता-चालता विणायचं तेही याच गरजेतून. पाठीवर पीटची टोपली, हातात विणकाम. कमरेला 'मॅकिन बेल्ट', म्हणजे घोड्याचे केस भरलेली चामड्याची उशी, तिला भोकं. उजव्या सुईचं टोक भोकात रोवलं की सुईचं वजन पट्टा घेतो आणि उजवा हात फक्त धागा फेकतो. शेटलंडच्या हेझल टिंडल यांनी २००८ मध्ये तीन मिनिटांत २६२ टाके विणले होते, त्यामागे हीच पद्धत.

शाळांमधलं विणकामाचं शिक्षण २०१० मध्ये खर्चकपातीत बंद झालं. आता 'पीरी मॅकर्स' नावाच्या गटातून स्वयंसेवक मुलांना शिकवतात. १९७० च्या दशकात खनिज तेल आलं तेव्हापासूनच पगारी कामं वाढून विणकाम मागे पडत होतं, हे ध्यानात ठेवलेलं बरं. कमी मोबदल्याचं काम सोडलं म्हणून कुणाला दोष द्यायचा?

जायचं असेल तर स्कॉटलंडमधल्या अबर्डीनहून रात्रीची बोट, सकाळी लर्विक. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला वूल वीक असतो, २०१० पासून. राहायची सोय वर्षभर आधी करा.

कसर

माझ्यासारख्यांपासून ही लोकर वाचवायची कशी, तेही सांगून टाका.

जाळीदार

धुऊनच ठेवा. कसर घामावर आणि तेलकट डागावर आधी येते, स्वच्छ लोकरीवर नंतर. कडुनिंबाचा पाला वासापुरता, त्यावर भरवसा नको. आधीच लागली असेल तर सील पिशवीत घालून फ्रीझरमध्ये एक आठवडा, बाहेर काढून दोन दिवस, पुन्हा एक आठवडा, कारण पहिल्या फेरीत काही अंडी वाचू शकतात. हँगरला टांगू नका. खांद्याला शिंगं येतात.

रेशीमगाठ

@उलट-सुलट, तुमच्या २८८ टाक्यांच्या स्वेटरची बाही किती टाक्यांची? तेवढं सांगा, आजच सुया काढते.

उलट-सुलट

काखेतले २० ठेवलेले टाके सुईवर घ्या. भोकाची उंची १८ सेंमी, म्हणजे ६१ फेऱ्या. कडेने दर आठ फेऱ्यांना सात टाके उचला, एका बाजूला ५३, दोन्ही मिळून १०६. एकूण १२६. काखेचा मधला टाका खूण म्हणून धरा, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक टाका दर पाचव्या फेरीला कमी करा, असं २७ वेळा. ७२ उरतील. पट्टीच्या आदल्या फेरीत ८ कमी करून ६४, २.७५ मिमी सुई, ६ सेंमी. दुसऱ्या बाहीचा रंगक्रम पहिल्या बाहीवरून वाचून घ्या, कागदावरून नको. पहिल्या बाहीत कुठेतरी एक फेरी चुकलेलीच असते, आणि दोन्हीकडे सारखी चुकली की ती नक्षी होते.